रँचवरचं सोयीचं लग्न: प्रेमकादंबरी रचताना

‘सोयीचं लग्न’ म्हटलं की मराठी माणसाला कांदेपोहे आठवतात, आणि तिथेच पहिली फसगत होते. आपल्याकडच्या ठरवलेल्या लग्नात दोन घरं एकमेकांना तोलतात, मध्यस्थ असतो, आणि प्रेम मागाहून येईलच असं सगळे धरून चालतात. अमेरिकन रँचवरच्या, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणांवरच्या, प्रेमकादंबरीतलं सोयीचं लग्न याच्या नेमकं उलट असतं. दोन एकटी माणसं टेबलाच्या दोन बाजूंना बसून सौदा करतात. प्रेम होणार नाही हे दोघांनीही गृहीत धरलेलं असतं, किंबहुना तशीच बोली असते. मामा नाही, मावशी नाही, मोडलं तर समजूत घालायला कुणी येणार नाही.

म्हणून या प्रकारात लिहायला बसलेल्यांना माझा एकच आग्रह असतो: आधी हिशेब पक्का करा. सौदा खोटा असेल तर पुढचं प्रेमही खोटं वाटतं, मग कुरणावर कितीही सुंदर सूर्यास्त लिहा.

पायरी १: लग्नाशिवाय भागतंय का ते बघा

नवख्या लेखकाच्या वहीत हमखास सापडणारं कथानक असं: रँचवर कर्ज आहे, बँक जप्ती आणणार आहे, म्हणून नायक श्रीमंत मुलीशी लग्न करतो. आता विचारा, ती नुसती भागीदार का होत नाही? कर्ज का देत नाही? जमिनीचा तुकडा विकत का घेत नाही? भागीदारी, कर्ज, भाडेपट्टा आणि पगारी नोकरी या चारपैकी एकानेही काम होत असेल, तर वाचकाला लग्न हा लेखकाचा हट्ट वाटेल. हे चारही दरवाजे बंद करायचे, आणि तेही योगायोगाने नाही. यासाठी सगळ्यात भरवशाचा मदतनीस म्हणजे कायदा.

अमेरिकेच्या पश्चिमेचा इतिहास या बाबतीत लेखकाला भरभरून देतो. ऑरेगनचा १८५० चा जमीनदान कायदा घ्या. आधीपासून वस्ती केलेल्या एकट्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर मिळायचे, आणि १ डिसेंबर १८५१ पर्यंत लग्न केलं तर जोडप्याला ६४०. त्यातले अर्धे बायकोच्या स्वतःच्या नावावर. सरकारनेच लग्नाला तारीख आणि भाव लावून दिला होता! त्या मुदतीत बायको शोधत फिरणारा पुरुष आणि स्वतःच्या नावावर ३२० एकर होतील हे ओळखणारी तिशीतली विधवा, एवढ्यावर कादंबरी उभी राहते. (त्या काळी अशा लग्नांत अगदी कोवळ्या मुलीही दिल्या गेल्या. तुमची नायिका प्रौढच हवी, यात चर्चेला जागा नाही.)

आजच्या काळातली कथा असेल तर आजोबांच्या मृत्युपत्रातली ‘लग्न केलंस तरच रँच तुझी’ ही अट सर्वांत घासलेली आहे, पण अगदीच हवेतली नाही. ओहायोच्या एका न्यायालयाने १९७४ मध्ये, मुलाने सात वर्षांच्या आत ठरावीक धर्माच्या मुलीशी लग्न केलं तरच वारसा मिळेल, ही अट वैध ठरवली होती. मात्र आजोबांनी असं का लिहिलं, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. ‘म्हातारा लहरी होता’ हे उत्तर चालत नाही.

ग्रीन कार्डासाठीचं लग्न शक्यतो टाळाच. अमेरिकेत तो पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. एकदा तो कथेत आला की कादंबरी प्रेमाची राहत नाही, तपास अधिकाऱ्याला चुकवण्याची होते.

पायरी २: एक काळ, एक जागा, एक कायदा धरा

उदाहरणासाठी आपण मोंटाना राज्य आणि १९१६ साल घेऊ. नायिकेला नोरा म्हणू, नायकाला वेस.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने, म्हणजे ठरावीक वर्षं राहून आणि कसून सरकारी जमीन नावावर करून देणाऱ्या कायद्याने, एकट्या स्त्रीलाही दावा नोंदवता येत असे. २१ वर्षं पूर्ण हवीत, किंवा ती कुटुंबप्रमुख हवी. मूळ दावा १६० एकरांचा. १९०९ च्या कायद्याने कोरडवाहू भागात तो ३२० एकरांपर्यंत गेला, आणि १९१२ मध्ये वास्तव्याची अट पाच वर्षांवरून तीन वर्षांवर आली. नोराने १९१६ च्या वसंतात असा ३२० एकरांचा दावा नोंदवलाय. तिच्या जमिनीत एक झरा आहे, ऐन ऑगस्टातही न आटणारा.

वेसची रँच शेजारी. जमीन त्याच्या नावावर झालेली, गुरं भरपूर, पण त्याचा ओढा उन्हाळ्यात कोरडा पडतो. त्याला पाणी हवंय. नोराला काय हवंय? कायदा सांगतो की दुसऱ्या वर्षी जमिनीचा सोळावा हिस्सा आणि तिसऱ्या वर्षी आठवा हिस्सा लागवडीखाली दिसला पाहिजे. म्हणजे २० एकर, मग ४०. मोंटानाची ती माती नांगराने प्रथमच फोडायची, गवताच्या मुळांनी चटईसारखी विणलेली. एकटीने, घोड्यांच्या जोडीशिवाय? शक्यच नाही.

आता चार दरवाजे तपासू. ती त्याला झरा विकू शकत नाही, कारण मालकीचा सरकारी कागद हातात येईपर्यंत जमिनीचा कुठलाही भाग दुसऱ्याला दिलेला नाही असं तिला शपथेवर सांगावं लागतं. दुसऱ्याच्या फायद्यासाठी दावा चालवला असं दिसलं तर सगळंच जातं. नांगरणाऱ्याला द्यायला तिच्याकडे रोख नाही. जमीनच नावावर नाही तर तारणावर कर्ज कोण देणार? उरतं लग्न. नवऱ्याच्या गुरांनी बायकोच्या झऱ्यावर पाणी प्यायलं तर त्यात कुणाला काय गैर दिसणार!

लग्न झालं म्हणून तिचा आधी नोंदवलेला दावा बुडत नाही, पण तिने तिथलं राहणं सोडता कामा नये. आणि हीच या कथेची खाण आहे. १९१२ चा कायदा वर्षातून पाच महिन्यांपर्यंत बाहेर राहायची मुभा देतो. म्हणजे सात महिने दोघांनी तिच्या एका खोलीच्या लाकडी खोपटात राहायचं आणि हिवाळ्याचे पाच महिने त्याच्या मोठ्या घरात. सात महिने तो पाहुणा, पाच महिने ती. या प्रकारच्या कादंबऱ्यांत ‘वादळ आलं आणि खोलीत एकच पलंग’ हा प्रसंग इतक्यांदा येतो की वाचक हसतो. इथे ती एक खोली कायद्यानेच त्यांच्यावर लादलेली आहे.

काळ निवडताना एक सापळा लक्षात ठेवा. १९०७ पासून, परक्या देशाच्या नागरिकाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री आपलं नागरिकत्व गमावत असे. हे १९२२ च्या कायद्याने बदलू लागलं. म्हणजे वेस नुकताच नॉर्वेहून आलेला आणि कागदपत्रं न केलेला असेल, तर बोहल्यावर चढताच नोरा परदेशी ठरते आणि दावा धोक्यात येतो. उलट नोरा नॉर्वेची आणि वेस अमेरिकन असेल, तर लग्नानेच ती नागरिक होते. दुसरी शक्यता मला जास्त आवडते. तिच्या बाजूची सोय दुप्पट होते आणि वेसला ते माहीतही नसावं.

नायक मराठी करायचा मोह होईल. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच सुमारास अमेरिकेच्या वायव्य भागात शेतीशास्त्र शिकत होते, त्यामुळे मराठी माणूस तिथे असणं खोटं नाही. पण १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्रच ठरवलं. तो नायक घेतलात तर ती वेगळी, जास्त कडवट कादंबरी होईल. जरूर लिहा, पण हिच्यात कोंबू नका. तसंच ‘ओसाड, कुणाचीच नसलेली जमीन’ असं वर्णन करू नका. ती ब्लॅकफीट, क्रो अशा तिथल्या मूळनिवासी जमातींकडून गेलेली जमीन होती, आणि १९१६ मध्ये ते कुठे नाहीसे झालेले नव्हते, शेजारच्या राखीव क्षेत्रात राहत होते.

पायरी ३: बोली ठरवा, आणि ती कुठे मोडणार तेही

नोरा आणि वेसला लेखी करार करता येणार नाही. तो कागद उद्या कुणाच्या हाती लागला तर तोच तिच्याविरुद्धचा पुरावा. त्यामुळे सगळं तोंडी, दोघांतच. लेखकाने मात्र वहीत कलमं लिहून काढावीत. सहा-सातपेक्षा जास्त नकोत. उदाहरणार्थ: तो पडद्यापलीकडे झोपेल. तिच्या दोन गायींच्या वासरांना तिचाच डाग, म्हणजे तापल्या सळईने उमटवलेली मालकीची खूण. किराणा दोघांत निम्मा. गावात, चर्चमध्ये हातात हात. भूतकाळाबद्दल विचारायचं नाही. कागद हातात आला की तीन महिन्यांत वेगळं व्हायचं.

प्रत्येक कलम म्हणजे पुढचं एक प्रकरण. कुठलं आधी मोडतं यावर कादंबरीची चढण ठरते. पडद्याचं कलम शेवटाकडे ठेवा. सगळे ते लवकर मोडतात आणि मग मधली दीडशे पानं काय लिहायचं कळत नाही. सगळ्यात आधी किराण्याचं मोडा. निम्म्याच्या हिशेबात तो एकदा तिच्या आवडीचे डब्यातले पीच आणतो आणि वहीत लिहीत नाही. ती वही तपासते, तिला फरक सापडतो, ती काहीच बोलत नाही. एवढंच. वाचकाला कळतं.

डागाचं कलम मधोमध ठेवा. गुरांवर दिलेला डाग तिथे नोंदणीकृत असतो आणि कोर्टात मालकीचा पुरावा ठरतो. वसंतातल्या डागणीच्या दिवशी तापलेली सळई हातात घेऊन वेस विचारतो, “तुझाच ना?” आणि ती क्षणभर थांबते. त्या क्षणभराला चार ओळी द्या.

पायरी ४: रँचचं वर्ष भिंतीवर लावा

प्रेम गप्पांतून फुलवू नका, कामातून फुलवा. रँचवर काम संपतच नाही, त्यामुळे तुम्हाला प्रसंग शोधावे लागत नाहीत. वसंतात गायी वितात, मग डागणी, जूनमध्ये गुरं वरच्या कुरणात, जुलै-ऑगस्ट गवतकापणी आणि गंज्या रचणं, शरदात गुरं खाली आणणं आणि विकायची जनावरं रेल्वेने शिकागोच्या बाजारात, हिवाळाभर बर्फातून स्लेजवर गवत टाकत फिरणं. हे वर्ष कागदावर काढून भिंतीवर चिकटवा आणि प्रत्येक प्रसंगाला महिना द्या. फेब्रुवारीत गवत कापणारा नायक मी वाचलेला आहे.

इथे मराठी लेखकाला एक मोठा फायदा आहे. आपल्या भाषेत गुरांचे शब्द तयार आहेत: पहिलारू कालवड, वेत, वार, चीक, खोंड. ‘प्रथम प्रसूत होणारी तरुण गाय’ असलं काही लिहू नका. पण सावध! हे शब्द आले की मागोमाग गोठा, दावण, धारा काढणं, गोमाता सगळं चालत येतं. ही मांसासाठी पाळलेली गुरं आहेत, लाल अंगाची, पांढऱ्या तोंडाची हेरफर्ड. घरच्या दुधासाठी एखादी वेगळी गाय असते, तेवढीच. शिकागोला जाणारी गाडी कुठे जाते हे नोराला माहीत आहे आणि तुमच्या वाचकालाही. ते लपवू नका आणि त्यावर तिला रडवूही नका. मराठी वाचकाला इथे थोडं अवघडल्यासारखं होईल, होऊ द्या.

या सगळ्यात एक प्रसंग मी कधीच गाळणार नाही: अडलेल्या कालवडीची रात्र. वासराचे पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक, असं दिसलं तर ठीक. मागचे पाय आधी दिसले तर घाई. दोर बांधायचा, कळ आली की ओढायचं, कळ थांबली की थांबायचं. बाहेर आल्यावर नाकातोंडातली घाण काढायची, श्वास घेत नसेल तर नाकपुडीत गवताची काडी घालायची म्हणजे ते शिंकतं, पोत्याने खसाखसा पुसायचं, आणि पहिल्या काही तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. या कामात दोन माणसांचे चार हात एकाच दोरावर असतात, चेहरे एका वीतीवर, आणि दोघांपैकी कुणालाही त्याचं भान नसतं. भान सकाळी येतं, हात धुताना.

दुसरी गोष्ट, पोरक्या वासराची. एका गायीचं वासरू मेलं आणि दुसरं पोरकं झालं, तर मेलेल्या वासराचं कातडं पोरक्याच्या पाठीवर बांधतात. गाय वास घेते आणि त्याला पिऊ देते. काही दिवसांनी कातडं काढलं तरी चालतं. हा प्रसंग कादंबरीत ठेवा, पण त्याचा अर्थ एकाही पात्राच्या तोंडून वदवू नका. नोराने तर मुळीच काही म्हणायचं नाही.

पायरी ५: ‘तुम्ही’ ते ‘तू’

इंग्रजीत लिहिणाऱ्याकडे जे नाही ते तुमच्याकडे आहे. त्यांच्या भाषेत दोघांना पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच सर्वनाम. मराठीत या कथेचा अर्धा प्रवास सर्वनामातच होतो.

सौद्याच्या टेबलावर दोघंही ‘तुम्ही’ म्हणतील. तो तिला ‘मिस’ लावून आडनावाने, ती त्याला ‘मिस्टर’ लावून. लग्नानंतर ती त्याला नावाने हाक मारेल, पण क्रियापद आदराचंच: “वेस, तुम्ही कंदील विसरलात.” ‘अहो’ मात्र चुकूनही नको. ‘अहो’ आलं की मंगळसूत्र आलं, आणि मोंटाना गेलं.

बदल कुठे करायचा? कबुलीच्या प्रसंगात नाही. कालवडीच्या रात्री. “धर! सोडू नकोस!” तो ओरडतो. आज्ञार्थात ‘तू’ निसटतो, कारण ‘सोडू नका’ म्हणायला वेळ नसतो. सकाळी तो पुन्हा “कॉफी घेता?” असं विचारतो आणि आता ते ‘घेता’ दोघांनाही बोचतं. त्यानंतर दहा-पंधरा पानं क्रियापद टाळणारे संवाद लिहून बघा: “कॉफी आहे.” “कुंपण तुटलंय पलीकडे.” मराठी घरांत अवघडलेली माणसं असंच बोलतात, तुम्हाला ते कुणी शिकवायला नको. मग डागणीच्या दिवशी “तुझाच ना?” असं सरळ येऊ द्या. आणि भांडणात शस्त्र म्हणून उलटा प्रवास: इतके दिवस ‘तू’ म्हणणारी नोरा एका वाक्यात “तुमची मर्जी” म्हणते. दार आपटायची गरजच उरत नाही.

रँचवरच्या म्हाताऱ्या गड्याला वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी बोली देऊ नका. साधी, तोकड्या वाक्यांची मराठी द्या. तो कमी बोलतो एवढं पुरेसं आहे.

पायरी ६: शरीर आणि संमती

१९१६ च्या कायद्याने नवऱ्याला बायकोवर जे हक्क होते, ते आजच्या वाचकाला सहन होणार नाहीत, आणि नोराला ते पुरेपूर माहीत असणार. म्हणून तिची भीती खरी ठेवा. एका खोलीत दार नसतं, पडदा असतो. वेस आत येण्याआधी बाहेरच्या चौकटीवर दोनदा वाजवतो, स्वतःच्याच घरात असला तरी. हे पन्नास पानं टिकवा. पुढचं किती उघड लिहायचं ते तुमच्या वाचकावर आहे. मला स्वतःला हातमोजे काढणं पुरतं.

पायरी ७: सोयच आडवी आणा

मधल्या भागात गैरसमजावर विसंबू नका. जुनी प्रेयसी, चोरून ऐकलेलं अर्धं वाक्य, हरवलेलं पत्र यांची गरज नाही. सौद्यालाच उलटू द्या.

इतिहास इथेही मदतीला आहे. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. मोंटानातून निवडून आलेल्या, अमेरिकी संसदेतल्या पहिल्या स्त्री सदस्य जनेट रँकिन यांनी युद्धाविरुद्ध मत दिलं होतं, त्यामुळे त्या गावात दुकानादुकानांत वाद पेटणारच. ५ जूनला २१ ते ३० वयाच्या पुरुषांची सैन्यभरतीसाठी नोंदणी झाली. आता गावात कुजबुज सुरू होते की वेसने लग्न भरती चुकवण्यासाठी केलं. त्याने केलं होतं पाण्यासाठी, पण ते सांगता येत नाही. खरं कारण सांगावं तर तिची जमीन जाते, आणि गप्प राहावं तर तो भेकड ठरतो. तो गप्प राहतो. हे त्याचं पहिलं प्रेमपत्र.

त्याच वर्षापासून उत्तर मोंटानात दुष्काळ पडू लागला आणि १९१९ सर्वांत वाईट गेलं. शेजारचे दावेदार घरं सोडून निघाले. नोराचा झरा पहिल्यांदाच बारीक होतो. ज्यासाठी लग्न केलं तेच आटत चाललंय, तरी वेस ४० एकर नांगरतोच. का, हे तिने विचारायचं आणि त्याने “बोली आहे” म्हणायचं. खोटं बोलतोय हे दोघांनाही कळतं.

कळस मात्र कचेरीत होऊ द्या, वादळात नको. जमीन नावावर होण्याआधी अटी पाळल्याचा अंतिम पुरावा द्यावा लागे आणि त्याची नोटीस वर्तमानपत्रात छापावी लागे, म्हणजे गावातल्या प्रत्येकाला तारीख कळते आणि कुणालाही हरकत घेता येते. दोन साक्षीदार लागतात. त्यांतला एक शेजारी असा ठेवा, ज्याला त्या झऱ्यावर स्वतःचा डोळा आहे.

शेवट सुखाचाच हवा. या प्रकाराचा वाचकाशी तेवढा एक अलिखित करार असतो. पण कागद मिळाल्यावर बोलीतले तीन महिने पूर्ण जाऊ द्या. आता नोरा विकू शकते, जाऊ शकते, तिच्या हातात पहिल्यांदाच पर्याय आहेत, आणि राहण्यासाठी एकही सोयीचं कारण उरलेलं नाही. विचारायचं तिने की त्याने? माझं मत तिने, कारण जमीन तिची आहे. त्याने त्याआधी काहीतरी गमावलेलं हवं. गुरं विकली असतील तर उत्तम, कारण मग त्याला पाण्याचीही गरज नाही.

पायरी ८: लिहायला बसण्याआधीचा एक सराव

पहिलं प्रकरण लिहू नका. आधी अंतिम पुराव्याच्या वेळी नोराला विचारले जाणारे प्रश्न मांडा आणि तिच्या आवाजात उत्तरं लिहा. घर केव्हा बांधलं, घरात कोण कोण राहतं, दरवर्षी किती एकर पेरले, किती दिवस बाहेर होतात आणि कशासाठी. कारकुनाला द्यायचं उत्तर एका ओळीत. त्याखाली, शाईचा रंग बदलून, तिने न दिलेलं उत्तर. पहिल्या हिवाळ्यासमोर ती लिहील, ‘पाच महिने, नवऱ्याच्या घरी.’ शेवटच्या हिवाळ्यासमोर बाहेरचा एकही दिवस नाही, आणि खालची ओळ तुम्हाला लिहायची आहे: बर्फात पाच महिने त्या एका खोलीत दोघं का थांबले.